जुना कचऱ्याचा डबा कचऱ्यात कसा टाकायचा?

परळची रहिवासी | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण गेला आठवडाभर मी त्यातच अडकले आहे, म्हणून धागा काढते.

आमच्याकडे एक निळा प्लास्टिकचा कचऱ्याचा डबा आहे. वीस लिटरचा, पायाने दाबलं की झाकण उघडणारा. चाळ पाडून टॉवर झाला आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर राहायला आलो त्या आठवड्यात घेतलेला. नऊ वर्षं वापरला. या मे महिन्यात बुडाला तडा गेला. ओल्या कचऱ्याचं पाणी ओट्याखाली झिरपायला लागलं, पाठोपाठ झाकणाची खीळही तुटली. नवीन डबा आणला. आता हा जुना काढायचा.

आमच्याकडे सकाळी साडेसातला कचरा घ्यायला येतात. दाराबाहेरचा डबा उचलायचा, मोठ्या ड्रममध्ये उपडा करायचा, परत दाराशी ठेवायचा, अशी पद्धत. पहिल्या दिवशी मी जुना डबा रिकामाच बाहेर ठेवला. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी बेल वाजवून तो हातात आणून दिला, "अगं, डबा आत घ्यायचा राहिला तुझा." दुसऱ्या दिवशी आत थोडे कागद टाकून ठेवला. कागद गेले, डबा राहिला. तिसऱ्या दिवशी वर चिठ्ठी चिकटवली, "हा डबा घेऊन जा". घरी आले तर डबा जागेवर, आणि चिठ्ठी नीट घडी करून दाराच्या कडीत खोचलेली. आमचाच काहीतरी कामाचा कागद असेल असं वाटलं असणार.

चौथ्या दिवशी जे झालं ते मनातून जात नाही. तुटलेलं झाकण कोणीतरी नारिंगी नायलॉनच्या सुतळीने डब्याच्या कडीला बांधून दिलं होतं. दोन गाठी, आणि उसवू नये म्हणून सुतळीची टोकं काडीने जाळून घट्ट केलेली. झाकण उघडत होतं, मिटत होतं.

ज्याने कोणी हे केलं त्याने माझ्या दारात उभं राहून, चौदा मजल्यांचा कचरा खाली न्यायचा असताना, पाच मिनिटं घालवली. आता तो डबा कुठेतरी टाकून द्यायला हातच होत नाही. पण घरात ठेवायलाही जागा नाही, आणि सासूबाई म्हणतात फुटकं घरात ठेवू नये.

तर विचारायचं हे, की असा डबा नेमका कोणाला द्यायचा? भंगारवाला घेतो का? त्याचं घरात दुसरं काही करता येईल का? डम्पिंगवर जाऊन पडावा असं मला वाटत नाही.

---

गोरेगावकर | सोमवार, रात्री ११.१५

ताई, चिठ्ठीने काही होणार नाही. कचरा न्यायला येतात त्या वेळी दार उघडा आणि तोंडाने सांगा. आमच्याकडे हाच घोळ झाला होता. रिकामा डबा दारात दिसला तर कोण उचलेल? उद्या घरवाले विचारतील "आमचा डबा कुठे गेला?" आणि आळ येईल तो त्या माणसावर. घेऊन न जाण्यातच त्याची नोकरी सुरक्षित आहे. म्हणून समोर उभं राहून "हा आमच्याकडून टाकलाय, तुम्ही न्या" असं म्हणणं हाच उपाय.

समोर भेट होतच नसेल तर डबा उपडा ठेवा आणि त्याच्या बाजूला कापून मोठी खिडकी पाडा. कापलेला डबा कोणी जपून परत ठेवत नाही.

---

परळची रहिवासी | सोमवार, रात्री ११.३०

आळ येण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. चार दिवस मी कचरा नेणाऱ्या बाईंना किती पेचात टाकलं असेल. कापायचं मात्र होणार नाही हो, ती सुतळी बघितल्यावर तर नाहीच.

---

काट्यावरचा | मंगळवार, सकाळी ८.०५

मी कुर्ल्याला भंगाराच्या दुकानात बारा वर्षं काट्यावर बसलो, हिशेब लिहिले. आता दुसरं काम करतो. पण डब्याचं पुढे काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी डबा उपडा करून बुडाला बघा. बाणांचा त्रिकोण असेल, आत आकडा असेल. २ असेल तर एचडीपीई, ५ असेल तर पीपी, ही प्लास्टिकच्या जातींची नावं. घरातल्या बादल्या, टब, डबे बहुतेक या दोनांतलेच. दोन्हींना गिऱ्हाईक आहे. आकडा पुसला असेल तर कोपऱ्यातला छोटा तुकडा कापून पाण्यात टाका. पीपी आणि एचडीपीई दोन्ही पाण्यापेक्षा हलकी, तरंगतात. पीव्हीसी बुडतं, पाण्याच्या बाटलीचं पीईटीही बुडतं. आमच्या दुकानातली मुलं तर तुकडा नुसता वाकवून, नखाने खरवडून सांगायची. पंधरा-सोळा वर्षांची पोरं, पण हात चुकायचा नाही.

दुसरी गोष्ट लोखंडाची. पायाने दाबायच्या डब्यात आत एक सळई असते, बुडाला स्प्रिंग किंवा पत्र्याची पट्टी असते. ती काढून द्या. ग्राइंडरमध्ये प्लास्टिकबरोबर लोखंड गेलं की पातं मोडतं. म्हणून असा डबा आला की आधी कोणीतरी बसून तो पक्कड-हातोडीने फोडतो, आणि तेवढी मजुरी वाचावी म्हणून काही जण असा डबा घेतच नाहीत. घरी पाच मिनिटं पक्कड चालवलीत तर डब्याला किंमत येते.

तिसरी गोष्ट, धुऊन द्या. हे मी अगदी कळकळीने सांगतो. वास मारणारा, आत अळ्या वळवळणारा डबा आपण दोन बोटांनी उचलून देतो, पण पुढे तो कोणाच्या तरी मांडीवर येतो. खरंच मांडीवर. निवडणाऱ्या बायका जमिनीवर बसून, डबा मांडीत धरून लेबलं खरवडतात.

मग तो जातो कुठे? आमच्याकडचा बराच माल धारावीला तेरा कंपाउंडात जायचा. तिथे रंग वेगळे होतात. निळ्यात निळं, लालात लाल, कारण एकरंगी मालाला भाव जास्त. नंतर ग्राइंडरमध्ये चुरा, तो चुरा धुवायचा, पत्र्याच्या छपरांवर वाळवायचा, मग वितळवून शेवयांसारख्या दोऱ्या काढायच्या, पाण्यात थंड करायच्या आणि त्यांचे बारीक तुकडे करायचे. त्याला दाणा म्हणतात. त्या दाण्यातून पुन्हा बादली, पाण्याचा मग, खुर्ची, नाहीतर पुन्हा कचऱ्याचा डबाच. रंग मिसळले की शेवटी काळा. बाजारातले बरेचसे स्वस्त काळे डबे असेच दोन-तीन जन्म घेऊन आलेले असतात, म्हणून ते लवकर तडकतात. दर वेळी वितळवताना प्लास्टिकचा दम थोडा कमी होतो.

ताईंचा डबा एकरंगी निळा आहे, नऊ वर्षं टिकला आहे, म्हणजे माल चांगला आहे. भंगारवाला घेईल. पैसे फार मिळणार नाहीत, एका डब्याचं वजन ते किती. पण दाणा होईल, डम्पिंगवर जाणार नाही.

---

मुलुंड पूर्व | मंगळवार, सकाळी ९.२०

काट्यावरचे दादा, फार उपयोगाचं लिहिलंत. मांडीवरचं वाचून थांबले.

डम्पिंगबद्दल ज्यांना तितकंसं वाटत नाही त्यांच्यासाठी आमच्या इथलं सांगते. मुलुंडचं डम्पिंग २०१८ साली बंद झालं. त्याआधी कित्येक वर्षं आम्ही संध्याकाळी खिडक्या लावून घ्यायचो. पाहुणे आले की पहिला प्रश्न वासाचा. देवनारचं तर १९२७ पासूनचं. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा धूर चेंबूर-गोवंडीत दिवसेंदिवस साचून राहिला होता, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. माझी बहीण गोवंडीला, तिचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. ओला फडका तोंडावर धरून झोपवायची त्याला. आता मुंबईचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो. जागा बदलली, कचरा आहेच. एक डबा तिथे गेला नाही तर काय फरक पडतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा पूर्व द्रुतगती मार्गावरून रात्री काच खाली करून जावं.

---

खिडकीतली बाग | मंगळवार, दुपारी २.१०

भंगारात देण्याआधी माझं ऐका, कृपया! बुडाला तडा गेलेला वीस लिटरचा डबा म्हणजे खताच्या कामाला आयता मिळालेला डबा आहे. लोक दुकानातून पैसे देऊन भोकं पाडलेले डबे आणतात.

मी दहिसरला दीड खोलीच्या घरात, बॉक्स ग्रिलमध्ये (खिडकीबाहेर काढलेली लोखंडी जाळी) सहा वर्षं खत करते. माझा पहिला डबा असाच जुना कचऱ्याचा होता. कसं करते ते लिहिते.

डब्याच्या चारी बाजूंना भोकं पाडायची. हातोडी मारू नका, जुनं प्लास्टिक उभं चिरतं. जाड खिळा पकडीत धरून गॅसवर तापवा आणि टेकवा, लोण्यात सुरी जावी तसा जातो. खिडकी उघडी ठेवा, तो धूर नाकात जाऊ देऊ नका. चार बोटांच्या अंतरावर एकेक भोक पुरे. बुडाला तडा आहेच, पाणी निथळेल. खाली दोन विटा आणि एक जुनी ताटली.

तळाला नारळाच्या शेंड्यांचा दोन इंच थर. मग रोजचा ओला कचरा बारीक चिरून आणि त्याच्याइतकाच सुका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वर. हे "त्याच्याइतकाच" सगळ्यात महत्त्वाचं आहे. लोक नुसती भाजीची देठं टाकत राहतात, चार दिवसांत पाणी सुटतं, वास येतो आणि मग म्हणतात घरात खत होत नाही. सुरुवातीला मूठभर जुनं खत, नाही मिळालं तर वाटीभर आंबट ताक शिंपडा. दोन-तीन दिवसांनी लाकडी दांड्याने तळापासून हलवायचं.

मूठभर मिश्रण घेऊन आवळून बघा. हात ओलसर झाला पाहिजे, थेंब पडता कामा नये. थेंब पडला तर सुका पाला वाढवा. आंबूस वास आला तरी तेच, डोळ्यांना झोंबणारा वास आला तरी तेच. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, काम चालू आहे. आत हात घातला तर गरम लागतं. पहिल्यांदा ती ऊब लागली तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून हात घालायला लावला होता.

डबा भरला की महिना-दीड महिना तसाच ठेवायचा, मधूनमधून हलवत. म्हणून डबे दोन लागतात, एक भरता, एक पिकता. तयार झालं की काळं, भुसभुशीत, आणि पहिल्या पावसात मातीला येतो तो वास.

मासळीचं पाणी, कोळंबीची सालं, तेलकट उरलंसुरलं यात घालू नका. (मासळीचा कचरा मी पिशवी बांधून सकाळपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवते. रात्रभर घरात वास नाही.) आणि सध्या आंब्याचे दिवस संपत आलेत, सालं बारीक करून घाला आणि वर पाल्याचा जाड थर द्या, नाहीतर चिलटं होतात. कोयी वर्षभर तशाच राहतात, त्या काढून ठेवा.

परळसारख्या ठिकाणी सुका पाला कुठून आणायचा असं वाटेल. तुमच्या खालच्या रस्त्यावर झाडणाऱ्यांना सांगून बघा. मला आमचे झाडूवाले काका आठवड्याला गोणीभर पाला आणून देतात, त्यांनाही तेवढंच ओझं कमी. आणि जागा नाही म्हणणाऱ्यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाची गच्ची आठवावी. प्रीती पाटील यांनी तिथे स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवून दाखवली आहेत.

---

गिरगाव ते विरार | मंगळवार, दुपारी ४.००

खताचं पटलं, पण आमच्याकडे सासऱ्यांनी अजिबात होऊ दिलं नाही. कचऱ्याच्या डब्यात काही लावायचं म्हटलं की घरात वाद. तुळस तर सोडाच. कोणी यातून मार्ग काढला आहे का?

आठवण म्हणून एक. आमच्या गिरगावातल्या चाळीत विकतचा कचऱ्याचा डबा कोणाकडेच नव्हता. केराची टोपली होती, नाहीतर पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा वरून कापून, कड आत वळवून, लाकडी मूठ बसवून घेतलेला. कड वळवून देणारा कल्हईवाल्यासारखा दारावर यायचा. आणि डालड्याच्या रिकाम्या डब्यात घराघरांत तुळस. म्हणजे खाण्याचा डबा पुढे तुळशीला किंवा केराला. उलटा प्रवास, केराच्या डब्यातून तुळशीकडे, आजीला कधीच चालला नसता. तेव्हा सासऱ्यांना दोष देत नाही मी.

---

खिडकीतली बाग | मंगळवार, सायंकाळी ५.३०

वहिनी, वादच नको. तुळस त्यात लावायची नाही, खतही तुळशीला घालायचं नाही, एवढं मी आईंना पहिल्या दिवशी कबूल केलं आणि अजून पाळते. त्या डब्यात अळू लावलं. अळूला भरपूर पाणी लागतं, मोठं भांडं लागतं. श्रावणात त्याच आईंनी त्या पानांच्या वड्या केल्या. गवती चहा, कढीपत्ता, ओवा हेही छान येतं.

एक मात्र सांभाळा. वीस लिटर ओली माती म्हणजे तीस किलोच्या आसपास वजन. जुन्या गंजलेल्या ग्रिलमध्ये असे दोन डबे ठेवणं म्हणजे खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर धोका. मी निम्मं कोकोपीट आणि निम्मं खत घालते, माती मूठभर, आणि डबा कायम भिंतीच्या बाजूला. पावसाळ्याआधी ग्रिलचे खिळे बघून घ्या.

आणि उन्हात ठेवलेलं प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत पिठूळ होतं, हात लावला की मोडतं. बाहेरून गोणपाट गुंडाळलं तर जास्त टिकतं.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९.५०

मी रुग्णालयात परिचारिका आहे. डबा धुण्याबद्दल लिहिणं गरजेचं वाटतं.

साबणाच्या पाण्याने आधी चिकटपणा घासून काढा. मग ब्लीचिंग पावडरचं पाणी भरून अर्धा तास ठेवा, खळखळून धुवा, दोन दिवस उन्हात उपडा ठेवा. नऊ वर्षांचा वास प्लास्टिकमध्ये मुरलेला असतो, एका धुण्यात जाणार नाही. खाण्याचा सोडा लावून रात्रभर ठेवला तर बराच कमी होतो.

ब्लीचिंग पावडरबरोबर संडास धुवायचं ॲसिड किंवा व्हिनेगर कधीही, कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होईल" म्हणून केलेलं आणि खोकत, गुदमरत आलेलं माणूस मी पाहिलं आहे. पंचवीस वर्षांची मुलगी होती.

आणि कितीही धुतला तरी असा डबा पिण्याच्या पाण्याला, धान्याला, पिठाला वापरू नका. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या वस्तीत लोक नाइलाजाने वापरतात. त्यांना कोणी असा डबा देत असेल तर कशाचा आहे ते स्पष्ट सांगून द्या.

---

निवृत्त पालिका | बुधवार, सकाळी ७.१५

मी महापालिकेच्या कीटकनाशक विभागातून निवृत्त झालो. तीस वर्षं लोकांच्या गच्च्या, पत्रे, टाक्या तपासल्या. धागा वाचून राहवलं नाही.

मंडळी, जुना डबा टाकवत नाही म्हणून लोक काय करतात सांगू? गच्चीवर नेऊन ठेवतात. "बघू पुढे, लागेल कधीतरी." टाकीच्या मागे, पाण्याच्या पायपाजवळ, पत्र्याच्या आडोशाला. मग पाऊस येतो. डेंग्यूच्या तपासात घराघरांतून फिरून शेवटी गच्चीवर गेलो आणि तिथे कोणाचा तरी जुना डबा चार बोटं पाण्याने भरलेला मिळाला, असं किती वेळा झालं त्याची गणती नाही. टॉर्च मारला की अळ्या खाली सुळकन जातात.

डेंग्यू पसरवणारा हा एडिस डास घाण गटारात होत नाही. त्याला तुमच्याआमच्या डब्यातलं स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या जरा वर, डब्याच्या ओलसर भिंतीला चिकटवतो. काळ्या खसखशीसारखी दिसतात. पाणी ओतून दिलं म्हणजे झालं असं समजू नका. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरे. म्हणून डबा नुसता रिकामा करायचा नाही, आतली भिंत काथ्याने घासायची आणि डबा उपडा ठेवायचा. ज्यांनी झाडं लावली आहेत त्यांनी खालची ताटली आठवड्यातून एकदा घासून कोरडी करायची. खिडकीतली बाग ताई, तुमच्या विटांखालची ताटलीसुद्धा.

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३८१ ब खाली अशा जागी अळ्या मिळाल्या तर नोटीस निघते, दंड होतो. पण नोटिशीसाठी मी हे लिहीत नाही. मी ज्या घरी गच्चीवरच्या डब्याचा पत्ता लावत गेलो त्यातल्या एका घरी शाळकरी मूल गेलं होतं. डबा त्यांचा नव्हता, तिसऱ्या मजल्यावरच्या कोणाचा तरी होता. ते आईवडील मला अजून आठवतात.

परळच्या ताई, तुमच्या डब्याचं जे करायचं ते या पंधरा दिवसांत करा. पाऊस आलाच आहे.

---

गोरेगावकर | बुधवार, सकाळी १०.००

काका, दुपारी जाऊन आमची गच्ची बघतो.

---

गोरेगावकर | बुधवार, दुपारी ३.४५

बघून आलो. एक कचऱ्याचा डबा, दोन रंगाचे डबे, एक फुटका कमोड. कमोडमध्ये अळ्या होत्या. वॉचमनबरोबर सगळं उपडं केलं, घासलं, रविवारी भंगारवाल्याला बोलावलं आहे. काकांचे आभार.

---

स्टीलवाली | बुधवार, रात्री ८.३०

प्लास्टिकचं कळलं. आमचा स्टीलचा पायाने दाबायचा डबा आहे, खालचा पत्रा गंजून गेला. याचं काय?

---

काट्यावरचा | बुधवार, रात्री ९.०५

ताई, स्टीलची तर काळजीच नाही, भंगारवाला हसत घेतो. तो चुंबक लावून बघेल. चिकटलं तर भाव कमी, नाही चिकटलं तर जास्त. आतली प्लास्टिकची बादली वेगळी काढून द्या. आणि गंज फक्त तळाला असेल तर देण्याआधी विचार करा, वरचं नळकांडं बहुतेक वेळा धडधाकट असतं. माझ्या आईने असंच एक दाराशी छत्र्यांसाठी ठेवलं आहे, खालून पाणी निथळतं.

---

मुलुंड पूर्व | बुधवार, रात्री ९.४०

ज्यांना भंगारवाला लांब पडतो त्यांनी आपल्या भागात स्त्री मुक्ती संघटनेच्या 'परिसर विकास' उपक्रमातल्या बायका सुका कचरा घ्यायला येतात का ते विचारावं. १९९८ पासून हे काम चालू आहे. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत त्याच खतखड्डाही सांभाळतात.

---

परळची रहिवासी | शुक्रवार, रात्री १०.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सांगण्यासारखं आहे.

गोरेगावकर दादांचं ऐकून काल सकाळी सव्वासातलाच दार उघडून उभी राहिले. नऊ वर्षं या मजल्यावर राहते, पण आमचा कचरा नेणाऱ्या ताईंशी दोन वाक्यांपलीकडे बोलले नव्हते, हे त्या दहा मिनिटांत फार लागलं. त्या जालन्याकडच्या, मानखुर्दहून येतात, पहाटे साडेचारला उठतात. सुतळी त्यांनीच बांधली होती. म्हणाल्या, "ताई, मला वाटलं झाकण तुटलंय म्हून तुम्ही बाहिर ठिवलाय, कुनी नीट करून दिल म्हून. सुतळी होती माझ्याकडं." मी सांगितलं, डबा टाकायचा आहे, खाली तडा गेलाय. त्यांनी डबा उचलून उजेडाकडे धरला, तड्यातून बोट घालून बघितलं आणि विचारलं, "मग मी नेऊ का वो? घरला न्हाई, हिथंच."

त्यांचं म्हणणं असं. तळमजल्यावर जिन्याखाली त्यांचं सामान असतं, चार खराटे, दोन झाडू, फावडं, पाणी ओढायचा वायपर. पावसाळ्यात सगळं ओलं. भिंतीला टेकवलं की घसरून पडतं, खाली पाणी साचतं, खराट्याच्या काड्या कुजतात आणि नवा खराटा मागितला की सुपरवायझर बोलतो. उभा डबा पाहिजे होता, पण बादली दिली तर तिच्यात पाणी साचतं. "ह्याला खाली भोक हाय, पानी ऱ्हानार न्हाई."

संध्याकाळी मी डबा रात्रपाळी ताईंनी सांगितलं तसा धुतला, सोडा लावून ठेवला. ह्यांनी पक्कड घेऊन आतली सळई आणि बुडाचा पत्रा काढला. तडा थोडा मोठा केला आणि काठाने चार भोकं पाडली, तापवलेल्या खिळ्याने. झाकण कडीपासून सोडवायला गेले तर गाठ इतकी पक्की की सुटेना. शेवटी कात्रीने सुतळी झाकणाच्या बाजूने कापली, कडीला बांधलेला तुकडा तसाच ठेवला. झाकण आणि लोखंड रविवारी भंगारवाल्याला.

आज सकाळी डबा त्यांच्या हातात दिला, काकूंच्या आणि सुपरवायझरच्या समोर, "हा मी यांना दिला आहे" असं म्हणून. निवृत्त पालिका काकांचं सांगून ठेवलं आहे, दर शनिवारी आतून घासून उपडा करायचा. त्या म्हणाल्या, ते मला म्हाईत हाय, आमच्या वस्तीत दर पावसाळ्यात ताप असतो.

खिडकीतली बाग ताई, खताचं सोडलेलं नाही. माळ्यावर एक जुनी बादली आहे, तिला भोकं पाडून झाली. पाला या ताईच आणून देणार आहेत, गेटपाशी बदामाचं झाड आहे.

संध्याकाळी ऑफिसातून येताना जिन्याखाली बघितलं. निळा डबा कोपऱ्यात उभा होता, तीन खराटे आणि वायपर त्यात. दुपारच्या पावसाचं पाणी खराट्यांवरून निथळून डब्याखालून बारीक ओघळाने मोरीकडे चाललं होतं, आणि कडीला नारिंगी सुतळीचा तो तुकडा होता.